जुन्या चित्रपटांचीं जुनीं घरें

मुंबईंत काळ्या घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नांवाची एक जीर्ण इमारत उभी आहे. तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा असून त्याचे भाग इंग्लंडांत तयार करवून जहाजांतून मुंबईस आणले होते. पूर्वीं येथें वॅटसनचें हॉटेल होतें. ७ जुलै १८९६ रोजीं सायंकाळीं ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधि मारियस सेस्तिए यानें या हॉटेलांत सहा लहान लहान चित्रपट दाखविले. आगगाडी स्टेशनांत येते, कारखाना सुटतो, एक भिंत पाडली जाते, अशीं तीं दृश्यें होतीं. प्रवेशाची फी एक रुपया.

हा दिवस हिंदुस्थानांतील चित्रपटाचा जन्मदिवस मानण्याची वहिवाट आहे व ती चुकीची नाहीं. परंतु चित्रगृहाचा जन्म मात्र त्या दिवशीं झाला नाहीं. हॉटेल युरोपियनांचें, आणि एक रुपया म्हणजे त्या काळीं मजुराची कित्येक दिवसांची कमाई. खरी गोष्ट घडली ती पुढच्या आठवड्यांत. १४ जुलैपासून हेच खेळ नॉव्हेल्टी या नाटकगृहांत सुरू झाले आणि महिनाअखेरपर्यंत तेथें दोन रुपयांपासून चार आण्यांपर्यंत दर लागले. पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळ्या जागाहि राखण्यांत आल्या. दोन रुपयेवाला आणि चार आणेवाला एकाच अंधारांत, एकाच पडद्याकडे तोंड करून बसले, त्या क्षणीं चित्रगृह अस्तित्वांत आलें. नॉव्हेल्टीच्या जागीं पुढें एक्सेल्सियर उभें राहिलें. चित्रगृहाच्या इतिहासांत तिकिटाच्या दराला दिग्दर्शकाच्या नांवाइतकेंच महत्त्व आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

अलीकडे जुने चित्रपट जुन्या चित्रगृहांत पुन्हां पाहण्याची आवड वाढली आहे. २०१४ मध्यें स्थापन झालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनें जुनीं रिळें दुरुस्त करून त्यांचे खेळ रीगलसारख्या चित्रगृहांत केले, आणि त्यांना तरुण मंडळींचीहि गर्दी झाली. या आवडींत हळवेपणाचा भाग किती आणि खऱ्या जिज्ञासेचा किती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्याजोगा आहे. कारण चित्रपट म्हणजे केवळ रीळ असेल, तर तो घरच्या खुर्चींत बसून पाहिला काय किंवा चित्रगृहांत पाहिला काय, फरक पडूं नये. फरक पडत असेल, तर तो कशामुळें पडतो हें जुन्या चित्रगृहांच्या हकीगतींतच शोधावें लागेल.

पहिली हकीगत गिरगांवांतील सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफची. या ठिकाणीं १८ मे १९१२ रोजीं दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ दाखविला गेला आणि ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. त्याआधीं २१ एप्रिल रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिंपिया चित्रगृहांत निमंत्रितांसाठीं एक खेळ झाला होता. आज ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणारा मनुष्य तो एकटाच पाहतो. कॉरोनेशनच्या प्रेक्षकानें तसा पाहिला नाहीं. त्या कार्यक्रमांत आयरिन डेलमार हिचें नृत्य होतें, मॅकक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश होता, पायांनीं वस्तु झेलणारा अलेक्झांडर नांवाचा कसरतपटु होता, शिवाय कांहीं हास्यकारक चित्रें होतीं; आणि या सर्वांच्या संगतींत सत्यवचनी हरिश्चंद्राची कथा. चित्रगृहाच्या नांवांतच सिनेमॅटोग्राफबरोबर ‘व्हरायटी हॉल’ हे शब्द होते. विश्वामित्राच्या कोपापूर्वीं पायांची कसरत पाहण्यांत त्या प्रेक्षकांना कांहीं विसंगत वाटलें असेल असें दिसत नाहीं. जत्रेंत देवदर्शन आणि पाळणा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशीं होतात.

फाळके जितके कलावंत तितकेच व्यवहारी होते. सुरतेस लोक येईनात, इतक्या थोड्या वेळाच्या खेळाला पैसे कोण देणार अशी तक्रार आली, तेव्हां त्यांनीं जाहिरात केली कीं सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि मोल अवघे तीन आणे. ही जाहिरात पुष्कळांनीं सांगितली आहे. पण तिचा हिशेब करून पाहण्यांत गंमत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारें ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटांत सोळा चित्रें बसतात. म्हणजे एकूण चित्रें सुमारें ५९,०००. सत्तावन्न हजारांचा आंकडा प्रामाणिक, किंबहुना थोडा कमीच! परंतु ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलहि नव्हे. दोन मैलांची फीत ही मात्र शुद्ध व्यापारी अतिशयोक्ति होती, व तिनें कोणाचें नुकसान झालें नाहीं.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. मूकपटाच्या काळीं यंत्राचा दांडा हातानें फिरवीत आणि वेग सेकंदास सोळा चित्रांच्या आसपास असे. त्या वेगानें हा चित्रपट तासभर चाले. बोलपट आल्यावर वेग चोवीस चित्रांवर कायम झाला. त्या वेगानें तीच फीत सोडली तर ती चाळीस एक मिनिटांत संपते. हरिश्चंद्र राज्यत्याग करून धांवत सुटतो आणि तारामती तुरुतुरु चालते. जुन्या मूकपटांना लोक हंसतात, त्यांतील निम्में हंसूं यंत्राच्या चुकीचें असतें.

मूकपट मूक असला तरी त्याचें घर मूक नव्हतें. पडद्याखालीं पेटी आणि तबला वाजत असे. पडद्यावर मजकूर आला कीं ज्याला वाचतां येई तो मोठ्यानें वाची व शेजारचे ऐकत. पुण्यास मंडईजवळ गंगाधरपंत पाठक यांनीं १९१५ मध्यें आर्यन चित्रगृह काढलें. तेथें ७ फेब्रुवारी १९२० रोजीं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ लागला. कीचकाचा वध पाहून लोक हादरले आणि लोकमान्य टिळकांनीं पेंटरांना सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. आर्यन आतां नाहीं. ‘सैरंध्री’हि नाहीं, तिची एकहि प्रत उरलेली नाहीं. हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निर्माण झाले असें मानतात. त्यांपैकीं पूर्ण किंवा तुटक स्वरूपांत हातीं लागतात ते तीसच्या आसपास. ज्या देशांत हजार वर्षांपूर्वींचे ताम्रपट सांपडतात त्याच देशांत शंभर वर्षांपूर्वींचे चित्रपट सांपडत नाहींत, याचें कारण ती फीतच होती. ती सेल्युलोज नायट्रेटची असे. नायट्रेट पेट घेतें तें बंदुकीच्या दारूसारखें, आणि पेटलें नाहीं तरी दमट हवेंत आपोआप कुजतें. शिवाय तिच्यांत चांदी असे. जुनी रिळें विकून त्यांतील चांदी काढून घेण्याचा धंदाच चाले. कित्येक पौराणिक राजे अशा रीतीनें आटवून विकले गेले.

नायट्रेटच्या भीतीची खूण जुन्या चित्रगृहांच्या बांधणींत राहिली आहे. मागच्या भिंतींत उंचावर असलेली यंत्राची खोली दगडविटांची, तिचीं भोकें लहान, आणि त्यांवर आग लागतांच खालीं पडणाऱ्या लोखंडी झडपा. खोलींत दोन यंत्रें असत. कारण हजार फुटांचें एक रीळ अकरा मिनिटांत संपे. कर्बाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्योत पेटवून तिचा प्रकाश पडद्यावर सोडीत. कांड्या जळून झिजत, म्हणून ऑपरेटरला त्यांमधलें अंतर सारखें जुळवीत बसावें लागे. रीळ संपत आलें कीं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत वर एक ठिपका क्षणभर चमके. तो दुसरें यंत्र सुरू करण्याचा इशारा, आणि दुसरा ठिपका यंत्र बदलण्याचा. प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांनीं तो ठिपका कधीं पाहिला असेल. ज्यानें एकदां पाहिला त्याला तो पुढें जन्मभर दिसत राहिला.

गिरगांवांतील मॅजेस्टिक सिनेमाला १४ मार्च १९३१ रोजीं जी गर्दी लोटली तिचें वर्णन त्या काळच्या पुष्कळ मंडळींनीं करून ठेवलें आहे. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट त्या दिवशीं तेथें लागला. पोलिस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचें तिकीट चार-पांच रुपयांस विकलें गेलें. लोक काय ऐकण्यास आले होते? पडदा बोलतो एवढेंच. ध्वनिलेखनाचें काम चालूं असतांना इंपीरियल कंपनीच्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात. म्हणून गाड्या बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, दृश्यें घ्यावीं लागत. त्या शांततेंतून टिपलेला आवाज मॅजेस्टिकमध्यें गोंगाट करणाऱ्या हजार माणसांपुढें सोडला गेला. आणि गाणें सुरू होतांच तींच माणसें चुप झालीं असलीं पाहिजेत. बोलपटानें पेटीवाल्याची आणि तबलजीची नोकरी घालविली, हीहि त्याच दिवसाची दुसरी बाजू. ‘आलम आरा’ची आज एक फूटहि फीत शिल्लक नाहीं.

मॅजेस्टिकमध्येंच पुढच्या वर्षीं, ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ लागला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे. फाळक्यांच्या पडद्यावर तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानें केली होती. कोणी स्त्री पुढें यावयास तयार नव्हती. एकाच गांवांतल्या दोन चित्रगृहांमध्यें एक मैलाचेंहि अंतर नसेल, आणि मध्यें एकोणीस वर्षें. तेवढ्या अवधींत तारामतीला स्वतःचा देह मिळाला आणि स्वतःचा आवाज मिळाला. सुदैवानें हा चित्रपट टिकला आहे. मॅजेस्टिक मात्र पाडलें गेलें, आणि त्याचें नांव आतां गिरगांवांत वाढलेल्या एका मराठी पुस्तकांच्या दुकानानें जिवंत ठेविलें आहे.

प्रभात कंपनी १९२९ मध्यें कोल्हापुरास निघाली आणि १९३३ मध्यें पुण्यास आली. पुढच्याच वर्षीं अप्पा बळवंत चौकाजवळ, इंदूरच्या सरदार किबे यांच्या जागेंत, प्रभात चित्रगृह उघडलें. पुण्याच्या कित्येक पिढ्यांनीं ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हीं नांवें त्या दारावर वाचलीं. कंपनी १९५३ मध्यें बंद पडली. स्टुडिओच्या जागेंत १९६० मध्यें सरकारी चित्रपटशाळा निघाली. परंतु चित्रगृह मराठी चित्रपटाचें हक्काचें घर म्हणून २०१४ च्या डिसेंबरपर्यंत त्या नांवानें चाललें. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर तें मूळ मालकांकडे गेलें व त्याचें नांव बदललें. इमारत तीच, पण पाटी उतरली त्या दिवशीं पुणेकर तिकडे पाहण्यास जमले. घरांतील वडील माणसाची खोली रिकामी करतांना जसे नातेवाईक जमतात, तसेच.

प्रभातच्या कीर्तीचा कळस मात्र मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत झाला. १२ डिसेंबर १९३६ रोजीं तेथें दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ लागला आणि सत्तावन्न आठवडे उतरला नाहीं. १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत त्याची वाखाणणी झाली हें सर्वश्रुत आहे. परंतु व्हेनिसच्या परीक्षकांनीं तो एकदां पाहिला असेल, सेंट्रलच्या प्रेक्षकांनीं तो पुनःपुन्हां पाहिला. सत्तावन्न आठवडे बाल्कनीच्या जोरावर भरत नाहींत. तें काम पिटाचें. गिरणगांवांतला कामकरी, कोंकणांतून आलेला घरगडी, मुलाबाळांना घेऊन आलेल्या बाया, यांनीं तें केलें. पायांतल्या वहाणा काढून लोक आंत जात असें सांगतात. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. परंतु या वर्गाच्या मनांत घर केलें तें गौरीच्या जिजाईनें. विठोबाला शिव्या घालणारी, चूल पेटवावी कशी या विवंचनेंत असणारी ही बाई पिटांतल्या प्रत्येक बाईची ओळखीची होती. हा चित्रपट एकट्यानें पाहिला तर जिजाईचा विनोद कळतो. शेंकडों माणसांत पाहिला तर ते कां हंसतात हें कळतें, आणि थोड्याच वेळांत तेंच हंसूं घशांत कां अडकतें हेंहि.

म्हणून जुन्या चित्रगृहाविषयीं बोलतांना पिटाला विसरणें हा अन्याय आहे. आज जे गालिचे, पितळी कठडे आणि रंगीत दिवे पाहून लोक हरखतात ते वरच्या वर्गाचे. पिटांत लांकडी बांक होते, ढेकूण होते, उन्हाळ्यांत घामानें जीव नकोसा होई, आणि मान मागें टाकून पडदा पाहावा लागे. त्या वर्गाचें दारहि निराळें असे, बहुधा बाजूच्या बोळांत. पुन्हां भरविल्या जाणाऱ्या जुन्या चित्रपटांच्या खेळांत दिवे असतात, गालिचे असतात. पिटाचा प्रेक्षक तेवढा क्वचितच दिसतो. त्याच्यावांचून ‘संत तुकाराम’ दाखविणें म्हणजे वारकऱ्यांवांचून पालखी काढणें होय.

फोर्टाकडचीं चित्रगृहें या दृष्टीनें निराळ्याच जातीचीं. चार्ल्स स्टीव्हन्स यांनीं आंखलेलें रीगल १९३३ मध्यें उघडलें तें लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रपटानें. आंत थंड हवेचें यंत्र, तळघरांत मोटारी ठेवण्याची सोय. १९३८ मध्यें सोराबजी भेदवार यांचें इरॉस आणि अमेरिकन मेट्रो कंपनीचें मेट्रो, हीं दोन्ही कांहीं महिन्यांच्या अंतरानें उघडलीं. सरळ उभ्या रेषा, गोलाई दिलेले कोपरे, रात्रीं उजळणाऱ्या पाट्या अशी ही नवी शैली. २०१८ मध्यें युनेस्कोनें मुंबईच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत रीगल आणि इरॉस आहेत. परंतु या महालांचे दरवाजे इंग्रजी चित्रपटांसाठीं होते. देशी चित्रपटानें गिरगांवांत आणि लॅमिंग्टन रोडवर राहावें असा अलिखित नियम होता. तो मोडला १९४९ मध्यें. हबीब हुसेन यांनीं मरीन लाइन्सजवळ बाराशें खुर्च्यांचें चित्रगृह बांधलें, स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ त्याचें नांव लिबर्टी ठेविलें आणि तें हिंदी चित्रपटालाच वाहिलें. पहिला खेळ मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’चा. त्याच लिबर्टींत १९५७ मध्यें ‘मदर इंडिया’ लागला. बैलाच्या जागीं नांगराला जुंपलेली शेतकरीण मुंबईच्या सर्वांत सुबक सभागृहांत दाखविली गेली, ही घटना चित्रपटाच्या इतिहासाइतकीच देशाच्याहि इतिहासांत नमूद होण्याजोगी आहे.

पुढची कथा लौकर सांगतां येते. १९७२ मध्यें मुंबईंत दूरदर्शन आलें, नंतरच्या दशकांत व्हिडिओ आला, जागांचे भाव चढले, करमणूककर जाचक होता. २००१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें अनेक पडद्यांच्या नव्या चित्रगृहांना या करांत सवलत दिली; जुन्यांना ती नव्हती. मेट्रो आंतून तोडून त्याचे लहान लहान पडदे केले. इरॉस २०१७ मध्यें बंद पडलें व २०२४ मध्यें आंतून सर्वस्वी नवें होऊन उघडलें. पंचम जॉर्जनें १९११ मध्यें उद्घाटन केलेलें रॉयल ऑपेरा हाउस मात्र वीस वर्षांहून अधिक काळ बंद राहून २०१६ मध्यें जुन्या वैभवानें पुन्हां उघडलें. रिळांची स्थिति याहून वाईट. १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें म्हणून जें वांचलें तें वांचलें. आणि तरीहि जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेटच्या कोठारास आग लागून पुष्कळ मौल्यवान रिळें भस्म झालीं.

आतां जुनें रीळ आणि जुनें घर यांची पुन्हां गांठ घालतांना एक बारीक अडचण येते, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९५३ नंतर रुंद पडद्याची चाल पडली व जुन्या चित्रगृहांनींहि आपले पडदे रुंद केले. ‘संत तुकारामा’च्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी; चार हात रुंदीला तीन हात उंची अशा मापाची. ती नव्या रुंद पडद्यावर काठोकाठ भरावयाची तर वरून आणि खालून मिळून उंचीचा चौथा भाग कापावा लागतो. दोन्ही बाजूंस काळी पट्टी सोडून चित्र मूळ आकारांत दाखविलें, तर पडदा वाया गेला अशी तक्रार होते. दामले आणि फत्तेलाल यांनीं मात्र ती उंची विचारपूर्वक वापरली आहे. शेवटीं गरुडाच्या आकाराचें विमान देहूच्या लोकांवरून वर चढत जातें. खालीं जिजाई मुलांसाठीं मागें राहिलेली, वर तुकाराम. ऑपरेटरनें जुन्या मापाची पट्टी यंत्रांत बसविली, तर दोघेंहि एकाच चौकटींत दिसतात. नाहीं बसविली, तर विमानाचा माथा छाटला जातो आणि जिजाई पडद्याच्या खालीं निघून जाते.